थकवा नेमका कुठला?

प्रश्न : दिवसभर खुर्चीत बसून काम. घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही, म्हणून मोबाइल घेऊन आडवी होते. दोन तास लोळूनही ताजंतवानं वाटत नाही. व्यायाम करू की आराम?

शिणलंय ते डोकं. अंग दिवसभर बसून आंबलंय, आणि डोक्याला मोबाइलने आणखी एक पाळी लावली आहे. घरी आल्या आल्या, आडवं व्हायच्या आधी, वीसेक मिनिटं चालून या. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. मग खुशाल लोळा, फक्त मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला. रोज २२ मिनिटं चाललात तरी त्यातला खालचा आकडा गाठला जातो.

प्रश्न : आठ महिन्यांत एकही दिवस व्यायाम चुकवलेला नाही. हल्ली झोप तुटक लागते, चिडचिड होते, पूर्वीचं वजनही पेलवत नाही. पण सुट्टी घेतली की अपराधी वाटतं.

पूर्वीचं वजन पेलवत नाही, ही खूण सगळ्यात बोलकी. व्यायामात स्नायूंवर ताण पडतो. त्यांची डागडुजी होते आणि ताकद वाढते ती नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. तुम्ही फक्त ताण देत राहिलात. एका स्नायूगटाला जोरकस काम दिलं की त्याला साधारण ४८ तास मोकळे सोडा. हा आठवडा निम्म्या वजनावर काढा आणि एक दिवस काहीच करू नका. सलग दिवस मोजणारं अ‍ॅप काढून टाका, असं मी सहसा कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगतो आहे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. रक्तक्षय किंवा थायरॉइडची तक्रारही अशीच सुरू होऊ शकते.

प्रश्न : दुपारची झोप चांगली की वाईट?

तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून. जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. रात्री झोप लागत नसेल तर दुपारची सोडा.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. 'स्वतःची काळजी घे' असं कुणी म्हटलं की राग येतो.

येणारच. तुम्हाला सल्ला भरपूर मिळतोय, हाताखाली माणूस मिळत नाहीये. आईंना उठवणं, कूस बदलणं यात अंगमेहनत पुरेशी होते, तेव्हा व्यायामाचा विचार सध्या सोडा. सगळ्यात आधी झोप. आठवड्यातून दोन रात्री तरी सलग सात तास मिळायला हव्यात, आणि त्या एकट्याने मिळणार नाहीत. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्याला वार आणि वेळ सांगा : शुक्रवारी रात्री दहाला झोपायला ये. तो नाही म्हणाला, तर पुढच्याला फोन लावा.