तेच पुस्तक परत? हो, परतच!

प्रश्न: ताई, मला वाचायचं वेड आहे पण खरं सांगायचं तर मी तीचतीच पुस्तकं वाचत असतो. मृत्युंजय किती वेळा झालं आता मोजतही नाही. नवीन पुस्तकं आणून ठेवतो, कपाटात ढीग लागलाय आणि रात्री हात जातो तो जुन्याकडेच. बायको म्हणते, शेवट माहितीये तर मजा काय? हा आळस म्हणायचा का?

उत्तर: आळस तर आळस, कुणाचं काय बिघडलं? आणि वहिनींना सांगा की कर्ण मरतो हे पहिल्यांदा वाचतानाही सगळ्यांना माहीतच असतं, तरी १९६७ पासून लोक ते वाचतायत ना! सॅन डिएगोच्या विद्यापीठात दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोगच केला होता, २०११ साली छापून आला, काही वाचकांना गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकला तर त्यांना गोष्ट उलट थोडी जास्तच आवडली. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या विरुद्धही निघालं, त्यामुळे फार ताणू नका, पण भांडणात वापरायला चालेल.

माझं म्हणणं असं की पहिल्यांदा आपण वाचत नाही, धावतो. पुढे काय झालं, पुढे काय झालं. ती घाई संपली की मग पुस्तक दिसायला लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे घ्या. सुरुवातीलाच लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याबद्दल सांगतात, घरात येणारी वस्तू धुवून घ्यायची, कुणी शिवलं की झालंच, आणि सांगण्याची ढब अशी की आपण खो खो हसत पुढे जातो. परत वाचताना तिथेच अडकायला होतं, कारण हे खूळ वडिलांना लागलं ते १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली त्या धक्क्यातून, आणि हे बाईंनी लपवलेलं नाहीये हं, तिथेच सांगितलंय, आपणच हसण्याच्या नादात भरकन पुढे गेलेलो असतो. आणि मग त्या खुळापायी घरातल्या बायकांचे काय हाल झाले असतील ते दिसतं. पुस्तकात एक अक्षर बदललेलं नसतं.

तुमच्या मृत्युंजयचंही तेच. त्यात एकटा कर्ण बोलत नाही, कुंती बोलते, वृषाली, शोण, दुर्योधन, शेवटी कृष्ण. विशीत सगळे कर्णाच्या मागे असतात. पुढच्या वेळी फक्त कुंतीचा भाग काढून वाचा, सलग वाचायची सक्ती नाहीये कुणाची, आणि मग मला कळवा.

ढिगाचं मात्र टेन्शन घेऊ नका. एक जुनं, एक नवीन असं आलटून पालटून जमलं तर बघा, नाही जमलं तर राहू दे.

प्रश्न: कॉलेजात एक कादंबरी जीव की प्राण होती, पानंच्या पानं पाठ. परवा परत काढली तर चक्क बोअर झाली. वाईट वाटलं.

उत्तर: मिटून ठेवा, ओढूनताणून संपवू नका. पल्लेदार भाषणं ठोकणारी पात्रं त्या वयात फार भारी वाटतात, नंतर कान किटतात. त्यात तुमचीही चूक नाही आणि कादंबरीचीही नाही. विनोदी लेखन मात्र जास्त टिकतं असा माझा अनुभव, बटाट्याची चाळ १९५८ ची आहे, कोण काय बोलणार ते आधीच माहीत असतं आणि तरी त्या वाक्याची वाट बघत हसू यायला लागतं.

प्रश्न: वाचून वाचून पुस्तकाची पानं सुटी झालीयेत. सेलोटेप लावू का?

उत्तर: अजिबात नको!! टेप काही वर्षांनी पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि अक्षरांवर डाग पडतात. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पुस्तकं अशीच सुटतात. सगळी पानं क्रमाने लावा आणि बाइंडरकडे द्या, शिवून मिळतं. फक्त त्याला कडा जास्त कापू नको म्हणून आधीच बजावा, नाहीतर समासात पेन्सिलीने जे काय लिहून ठेवलं असेल ते जाईल.