कायदा-शंका : अजामीनपात्र वॉरंट निघाल्यावर

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. माझ्यावर नाशिकच्या कोर्टात चेक न वटल्याची केस आहे आणि जामीनही झालेला आहे. मागच्या दोन तारखांना जाता आले नाही. आता ई-कोर्ट्सवर अजामीनपात्र वॉरंट दिसते. हा गुन्हा जामीनपात्र असतो ना? पुढच्या तारखेला हजर झालो तर चालेल का?

उत्तर : कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याचा, गुन्हा जामीनपात्रच आहे. ‘अजामीनपात्र’ हा शब्द इथे वॉरंटाला लागलेला आहे. जामीनपात्र वॉरंटाच्या कागदावर किती रकमेचा बाँड (हजर राहण्याची लेखी हमी) आणि किती जामीनदार हे कोर्टाने लिहिलेले असते, त्यामुळे तेवढी पूर्तता झाली की पोलीसच सोडतात. अजामीनपात्र वॉरंटावर तो शेरा नसतो. मग ठाणे अंमलदाराच्या हातात काही राहत नाही, तुम्हाला कोर्टापुढे उभे करावेच लागते. जामीन द्यायचा की नाही, हे तिथे ठरते.

पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वॉरंट एकदा पोलीस ठाण्यात पोचले की तारखेच्या आदल्या रात्रीही कोणी दारात येऊ शकते. तारीख लांब असेल तर वकिलांकडून दोन अर्ज एकदम द्या : एक केस आजच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घेण्याचा, दुसरा वॉरंट रद्द करण्याचा. अर्जात ‘अपरिहार्य कारणामुळे’ असे मोघम लिहिले की तो तिथेच अडतो. कोणत्या तारखेला का आला नाहीत ते तारीखवार लिहा आणि दवाखान्याचे कागद, प्रवासाचे तिकीट, जे असेल ते जोडा. त्या दिवशी वकिलांनी हजेरी माफीचा अर्ज दिला होता का, हे रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) आधी पाहून घ्या. बरेचदा घोळ तिथेच झालेला असतो.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक प्रकरणांत अटकेआधी अर्ज केला आणि पुढच्या तारखेला जातीने येण्याची हमी दिली, तर आरोपी समोर नसतानाही वॉरंट रद्द करता येते किंवा जामीनपात्र करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे. तरी शक्य असेल तर स्वतः जा. समोर उभ्या असलेल्या माणसाचा अर्ज लवकर निकाली निघतो. कोर्ट बहुधा कॉस्ट (खर्चाची रक्कम) लावून नवा जातमुचलका (तुमचा स्वतःचा बाँड) घेईल. जुना बाँड जप्त केला असेल तर तुमच्या जामीनदारालाही रक्कम भरण्याची नोटीस जाते, त्यामुळे त्याला आधीच कळवा. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत.

समजा पुण्यातच अटक झाली. वॉरंट भारतात कुठेही बजावता येते. वॉरंट काढणारे कोर्ट अटकेच्या जागेपासून 30 किलोमीटरच्या आत नसेल आणि स्थानिक दंडाधिकाऱ्यापेक्षा जवळही नसेल, तर स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे नेतात. तुमचा गुन्हा जामीनपात्र असल्याने तिथेच जामीन मागा. तो बाँड नाशिकला पाठवला जातो.

प्रश्न : वॉरंट रद्द होऊन आठवडा झाला, तरी हवालदार घरी येऊन गेले. आता काय करावे?

उत्तर : रद्द झाल्याचा हुकूम कोर्टाच्या फायलीत आणि मूळ वॉरंट ठाण्याच्या कपाटात, असे होते. मुंबईत 2002 साली रद्द झालेल्या वॉरंटावर एकाला ऐन 15 ऑगस्टला अटक झाली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये नियम घालून दिले : वॉरंट अनुक्रमांकित असावे, त्याची नोंदवही ठेवावी, बजावणीची मुदत लिहावी आणि ते रद्द होताच ठाण्याला ताबडतोब कळवावे.

कागदावर हे ठीक आहे, पण त्यावर विसंबू नका. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा, ती ठाण्यात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. एक प्रत महिनाभर खिशात असू द्या. कोणी आलेच तर आधी वॉरंट दाखवायला सांगा. मागितल्यावर ते दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. केस नंबर आणि तारीख जुळवा, मग नक्कल पुढे करा. झटापट करू नका, नाहीतर नवाच गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : भावावर सहा वर्षांपूर्वीचे वॉरंट आहे. तो सापडला नाही. ते आपोआप संपते का?

उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 प्रमाणे वॉरंट कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावले जाईपर्यंत जिवंत असते. माणूस लपतो आहे असे कोर्टाला वाटले तर कलम 84 ची उद्घोषणा, म्हणजे हजर होण्याची जाहीर नोटीस, निघते. हजर व्हायला किमान 30 दिवस देतात, ती गावात वाचून दाखवतात, घरावर आणि कोर्टात चिकटवतात. पाठोपाठ मालमत्तेची जप्ती येऊ शकते, आणि उद्घोषणेनंतरही न आल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळा गुन्हा लागतो. अशा माणसाला अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. म्हणून आधी केसची सद्यःस्थिती काढा : उद्घोषणा निघालेली नसेल तर वॉरंट रद्द करण्याचा साधा अर्ज करता येतो. निघाली असेल तर ती आणि जप्ती उठवण्याची मागणीही त्याच अर्जात घ्यावी लागेल, आणि भावाला त्या दिवशी कोर्टात हजर ठेवावे लागेल.