शिंजीर आणि हमिंगबर्ड यांच्यातील साम्य जनुकांमुळे आहे का?

बाकदार चोच, चमकदार रंग आणि फुलांतला मध पिण्याची सवय शिंजीर व हमिंगबर्ड या दोघांतही असल्याने त्यांच्यात तीच जनुके बदलली असावीत का, असे आपण विचारले आहे. काही वेळा जनुक तेच असते, पण त्या जनुकातला बदल सहसा तोच नसतो. मुळात हे दोघे जवळचे नातेवाईक नव्हेत: अमेरिका खंडांपलीकडे न आढळणारा हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या कुळाजवळचा आहे, तर शिंजीर चिमणीसारख्या गायक पक्ष्यांच्या मोठ्या गटातला.

गोड चवीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सस्तन प्राण्यांना गोड चव टी१आर२ आणि टी१आर३ या दोन प्रथिनांच्या जोडीमुळे कळते. पक्ष्यांच्या पूर्वजांनी यांपैकी टी१आर२ चे जनुक गमावले, आणि म्हणून कोंबडीला साखरेची गोडी कळत नाही. मग हमिंगबर्डला ती कशी कळते? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की, प्रथिनयुक्त अन्नाची उमामी चव ओळखणारी टी१आर१ आणि टी१आर३ ही जोडीच त्याच्यात बदलून साखरेला प्रतिसाद देऊ लागली आहे. गायक पक्ष्यांमध्येही हीच जोडी कामाला लागल्याचे २०२१ मध्ये स्पष्ट झाले, मात्र तिच्यातील कळीचे बदल हमिंगबर्डहून वेगळ्या ठिकाणी आहेत. शिवाय ही क्षमता गायक पक्ष्यांच्या इतिहासात फार लवकर आली असावी, कारण दाणे खाणाऱ्या कॅनरीलाही गोड कळते. म्हणजे शिंजीराला ती बहुधा वारशातच मिळाली. जनुक तेच निघाले याचे मला फारसे नवल वाटत नाही, कारण टी१आर२ गेल्यावर हाताशी तेवढीच सामग्री उरली होती.

अगदी तोच बदल पुन्हा होतच नाही, असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातल्या उंचावरच्या हमिंगबर्डांच्या हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनामध्ये, बीटा नावाच्या साखळीतील १३ व्या आणि ८३ व्या स्थानी, ग्लायसिनच्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील दुवे) वेगवेगळ्या वंशशाखांत पुनःपुन्हा आलेले आहे, आणि त्यामुळे विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट धरला जातो. परंतु २०१६ मध्ये उंचावरच्या व सखल भागातल्या पक्ष्यांच्या २८ जोड्यांची तुलना झाली, तेव्हा हिमोग्लोबिनची प्राणवायूशी जवळीक उंचावरच्या पक्ष्यांत सातत्याने वाढलेली दिसली, पण तिच्यामागचे अमिनो आम्लांतील बदल बहुतेक वेळा निरनिराळे होते. याचे कारणही प्रयोगाने तपासले गेले: पूर्वजांचे हिमोग्लोबिन प्रयोगशाळेत पुन्हा घडवून त्यांत तेच बदल घातले असता, एका वंशात जो बदल उपयोगी ठरला तो दूरच्या वंशातील प्रथिनात तसाच परिणाम देईल याची खात्री राहिली नाही, कारण प्रथिनातील इतर अमिनो आम्ले तोवर बदललेली होती. एकाच कुळातल्या हमिंगबर्डांमध्ये तोच बदल वारंवार दिसतो, याची संगतीही मी अशीच लावतो: जवळच्या नातेवाइकांत प्रथिनातील इतर अमिनो आम्ले बरीचशी सारखीच असावीत.