फोर्टला वडिलांचे शेअर्स घेऊन जाताय? पोच मिळाल्याशिवाय कागद सोडू नका

वडिलांचे जुने कागदी शेअर्स नावावर करून घ्यायला मुंबईत फोर्टला जायचंय, हा तुमचा प्रश्न वाचला आणि 2017 साल जसंच्या तसं आठवलं. तुमचे वडील गेले, कपाटात 1993-94 ची कागदी शेअर सर्टिफिकेटं सापडली, त्यांवर फोर्टचा पत्ता, आणि परभणीहून आईला घेऊन एका दिवसात काम उरकून रात्रीच्या गाडीने परत यायचं. मी सोलापूरहून अगदी असंच ठरवून गेले होते.

मृत्यूदाखला, पॅन, आधार तुम्ही जमवलंच असेल, त्यात शिरत नाही.

आधी पत्ता तपासा. सर्टिफिकेटवर बऱ्याचदा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असतो. शेअर नावावर करायचं काम मात्र रजिस्ट्रार, म्हणजे शेअरधारकांच्या नोंदी ठेवायला कंपनीने नेमलेली संस्था बघते, आणि त्याचं ऑफिस विक्रोळीला, अंधेरीला, नाहीतर पार हैदराबादलाही असू शकतं. इतक्या वर्षांत रजिस्ट्रार बदललाही असेल. आजचा कोण, ते कंपनीच्या वेबसाइटवर मिळतं. मी ते न बघता निघाले.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो, दहापर्यंत वेटिंग रूममध्ये बसलो आणि चालत फोर्टमध्ये गेलो. गेटवर पहिला प्रश्न, ‘किससे मिलना है?’ आमच्याकडे कोणाचंच नाव नव्हतं. पाऊण तास आई पायरीवर बसून होती. शेवटी रिसेप्शनपर्यंत सोडलं. तिथल्या माणसाने पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘ठेवून जा, आम्ही रजिस्ट्रारकडे पाठवतो.’ पोच मागितली तर ‘इथे तशी पद्धत नाही.’ पाकिटावर बाबांच्या अक्षरात कंपनीचं नाव होतं. ते त्याने कुरियरच्या ढिगावर टाकलं आणि आम्ही निघालो. आई दमली होती, मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

चार महिन्यांनी रजिस्ट्रार म्हणतो काही आलंच नाही, कंपनी म्हणते आम्ही पाठवलं. डुप्लिकेट सर्टिफिकेटसाठी पोलीस तक्रार, प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड (नुकसान भरून देण्याची लेखी हमी), वर्तमानपत्रात जाहिरात. त्यात दोन वर्षं गेली. बाबांच्या आजारपणापासून लाभांश कोणी वटवलाच नव्हता. सलग सात वर्षं तो पडून राहिला की शेअर्सच सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, तसे आमचे मधल्या काळात गेले. मग ते सोडवायचा वेगळा अर्ज. एका शिक्क्यासाठी हे सगळं. आजही संताप येतो, कारण त्या माणसाला शिक्का मारायला दहा सेकंदं लागली असती.

म्हणून कागदांचे दोन संच न्या. दुसऱ्या संचावर तारीख, सही आणि शिक्का मिळाल्याशिवाय मूळ सर्टिफिकेट हातातून सोडू नका. नाही म्हणाले तर परत आणा आणि फोलिओ (कंपनीकडचा शेअरधारकाचा खाते क्रमांक) व सर्टिफिकेट नंबर लिहिलेल्या पत्रासोबत स्पीड पोस्टने थेट रजिस्ट्रारकडे पाठवा. प्रत्येक सर्टिफिकेटचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा.

माझं स्पष्ट मत, आईंना नेऊच नका. त्यांच्या सहीची खातरजमा बँकेकडून करून द्यायची असते, आयएसआर-2 नावाचा फॉर्म आहे. ते त्यांचं खातं असलेल्या परभणीच्या शाखेत होतं. खरं तर तुम्हीही जायची गरज नसेल. आधी रजिस्ट्रारला मेल करून कागदांची यादी लेखी मागवा.

तरी गेलातच तर शनिवार टाळा. फोर्टमध्ये रिक्षा नाहीत, टॅक्सी किंवा पायी. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायची वेळ आली तर ऑक्टोबर 2025 पासून सीएसएमटीहून थेट भुयारी मेट्रो आहे, लोकल बदलत बसू नका.

कंपनी दाद देत नसेल तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा, पैसे लागत नाहीत. माझी फाईल हलली ती त्यानंतरच. ‘शेअर्स सोडवून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्यांचे फोन येतील, त्यांना एकही कागद पाठवू नका.

मी वकील नाही, सीए नाही. माझं काम झाल्यानंतर नियमही बदललेत. एका कंपनीतल्या कागदी शेअर्सची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर वारस दाखल्याविना सोप्या कागदांवर भागतं असं मी शेवटचं पाहिलं होतं, पण ते रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

फोलिओ नंबर इथे टाकू नका. नुसतं कंपनीचं नाव सांगा, सध्याचा रजिस्ट्रार कोण ते मी आज रात्री बघून कळवते.