माजी विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून मुलीचं भविष्य कळेल का?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या लेकीला अमेरिकेतल्या एका ख्रिश्चन विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळालाय. होकार कळवण्याआधी तुम्ही त्यांच्या मासिकाच्या शेवटच्या पानांवर छापल्या जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी चाळल्यात, आणि आता तुमची झोप उडाली आहे. तुम्ही लिहिता, ‘कुणी पाद्री झालंय, कुणी मिशनवर गेलंय, कुणाला तिसरं मूल झालंय. पगाराबद्दल अवाक्षर नाही. आम्ही हिंदू. एवढा पैसा ओतून तिला तिथे पाठवायचं का?’

बहुतेक पालक रँकिंग बघून थांबतात. तुम्ही निदान माणसं वाचलीत, हे मला आवडलं. फक्त ती वाचायची कशी, ते सांगते.

या नोंदी विद्यापीठ गोळा करत नाही, लोक आपणहून पाठवतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं, तो लिहितो. नोकरी गेलेला, घटस्फोट झालेली, श्रद्धेपासून दूर गेलेला सहसा लिहीत नाही. ख्रिश्चन विद्यापीठात यात आणखी एक गाळणी लागते. संस्थेला ज्या आयुष्याचं कौतुक आहे, ते जगणारे जास्त उत्साहाने कळवतात. विमा कंपनीत आकडेमोड करणाऱ्याला वाटतं, यात काय कळवायचं? त्यामुळे पाद्र्यांची संख्या पानावर दिसते तेवढी वर्गात नसते. डोकी मोजू नका.

भाषाही समजून घ्यायला हवी. ‘अमुक संस्थेत रुजू झाले’ असं वाचलं की आपल्याला पगारी नोकरी वाटते. पण क्रूसारख्या विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांत कार्यकर्त्याला आपला पगार देणगीदारांकडून स्वतः उभा करावा लागतो. मित्र, नातेवाईक, ओळखीची चर्चेस दरमहा काही रक्कम देतात आणि त्यावर घर चालतं. आई-वडील म्हणून तुम्हाला हे ठाऊक असलेलं बरं. काही पाद्री आठवडाभर शाळेत शिकवतात किंवा दुसरी नोकरी करतात आणि चर्चही सांभाळतात. नोंदीत मात्र बहुधा चर्चचाच उल्लेख असतो. ‘मध्य आशियात सेवा करत आहेत’ एवढंच लिहिलंय, देशाचं नाव नाही, असंही तुम्हाला दिसलं असेल. जिथे धर्मप्रसाराला बंदी आहे, तिथल्या लोकांच्या सुरक्षेसाठी ठिकाण मुद्दाम मोघम ठेवतात.

मग या नोंदींचा उपयोग काय? मी त्या आडव्या नाही, उभ्या वाचते. एका वर्षाची तुकडी धरायची आणि तीच जुन्या-नव्या अंकांत शोधत जायचं. पहिल्या पाच वर्षांत लग्नं आणि पुढचं शिक्षण. पंधराव्या वर्षाच्या आसपास खरी गंमत सुरू होते. जीवशास्त्राची पदवी घेतलेला कुणी रुग्णालयाच्या प्रशासनात असतो, कुणी पाणीपुरवठा खात्यात, कुणी माध्यमिक शाळेत. पदवी आणि पेशा यांच्यातलं हे अंतर किती आणि ते कोणत्या वळणाने कापलं गेलं, हे या पानांइतकं स्वस्तात दुसरीकडे कळत नाही.

आणि ख्रिश्चन विद्यापीठातून एकाच साच्याची माणसं निघतात, हेही मनातून काढा. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजातून बिली ग्रॅहम 1943 मध्ये मानववंशशास्त्र शिकून बाहेर पडले आणि जगप्रसिद्ध धर्मोपदेशक झाले. त्याच कॉलेजात शिकलेले वेस क्रेव्हन पुढे भयपटांचे दिग्दर्शक म्हणून गाजले. मिशिगनमधल्या कॅल्व्हिनचे (2019 पासून ते विद्यापीठ म्हणवतं) पॉल श्रेडर हॉलिवूडचे नावाजलेले पटकथालेखक. व्हीटनचे पालक तेव्हा काय म्हणाले असतील, देव जाणे!

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्या नोंदींमधले बहुतेक रस्ते अमेरिकन नागरिकांसाठी खुले आहेत. तुमची लेक एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असेल. तिथल्या धार्मिक संस्थांना आपल्याच धर्माची माणसं नेमण्याची कायद्याने मुभा आहे. तेव्हा ख्रिश्चन शाळा, मिशन, चर्च या नोकऱ्या तिच्यासाठी जवळजवळ नाहीतच. धार्मिक सेवकांचा आर-1 व्हिसा असतो, पण त्यासाठी अर्जाआधी सलग दोन वर्षं त्या पंथाचं सदस्यत्व लागतं. म्हणजे ती ‘शेवटी चर्चमध्येच काम करेल’ ही भीती सोडाच, तिला तिथे घेणारच नाहीत.

डॉक्टर झालेल्यांच्या नोंदी वाचूनही हुरळू नका. अमेरिकेतली अनेक वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेशच देत नाहीत, आणि जी देतात तिथे जागा मोजक्या. जीवशास्त्र घेतलं की पुढे मेडिकल, हे गणित तिथे आपल्या मुलांसाठी सहजी जुळत नाही.

तिच्यासाठीचा रस्ता साधारण असा: पदवीनंतर ओपीटीखाली, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीखाली, 12 महिने काम. तिच्या विषयाचा सीआयपी कोड (प्रत्येक विषयाला दिलेला सरकारी क्रमांक) स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या, यादीत असेल तर आणखी 24 महिने. जीवशास्त्र त्या यादीत आहे, पण पुढे तिने शाखा बदलली तर कोडही बदलेल, म्हणून आय-20 वरचा, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कागदावरचा, कोड दरवेळी तपासायचा. वाढीव काळात नोकरी पगारीच हवी आणि मालक ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला हवा. छोट्या सेवाभावी संस्था इथेच अडतात. त्यानंतर एच-1बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याला वर्षाला 85,000 ची मर्यादा आहे आणि लॉटरी लागते. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर असतात. म्हणून नोंदींत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत किंवा संलग्न रुग्णालयात काम करणारे दिसले, तर त्यांच्या नावाखाली रेघ मारा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा प्रवेश घेताना आणि पदवीच्या वर्षी, दोन्ही वेळा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारायचं.

पगाराचे आकडे अमेरिकी शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्डवर मिळतात. पण ते सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. परदेशी मुलं त्यात मुळातच नाहीत. तुमच्या लेकीचा अंदाज त्यावरून बांधू नका.

धर्माचं म्हणाल, तर ‘ख्रिश्चन’ या एका पाटीखाली फार वेगवेगळी घरं आहेत. व्हीटन किंवा कॅलिफोर्नियातलं बायोला पदवीच्या विद्यार्थ्याकडून ख्रिस्ती श्रद्धेची अपेक्षा ठेवतात. व्हीटनमध्ये आचारसंहितेला लेखी मान्यता द्यावी लागते. टेक्सासचं बेलर बाप्टिस्ट आहे, पण तिथे प्रवेशाला धर्माची अट नाही. कॅथलिक परंपरेच्या नोटर डेममध्येही नाही. तुमच्या लेकीला प्रवेश देताना श्रद्धेबद्दल विचारलेलं नाही, असं तुम्ही म्हणता. म्हणजे ते दुसऱ्या गटातलं दिसतं. तरी बायबल किंवा धर्मशास्त्राचे विषय किती सक्तीचे, प्रार्थनेला हजेरी लागते का, वसतिगृहाचे आणि दारूचे नियम काय, हे लेखी मागवा. यातलं काही तिला जाचक वाटेल, काही वाटणारही नाही. माझ्या पाहण्यात शिस्तीच्या वातावरणात मजेत राहिलेल्या हिंदू मुली आहेत आणि पहिल्याच सत्रात कंटाळलेल्याही. हे तिनेच ठरवायचं, तुम्ही नाही.

होकार कळवून अनामत भरायची तारीख तिथे बऱ्याच ठिकाणी 1 मे असते. त्याआधी करिअर कार्यालयाला एक ईमेल जाऊ दे: मागच्या तुकडीत जीवशास्त्राचे किती जण होते, पदवीनंतरच्या पाहणीला उत्तर किती जणांनी दिलं, त्यात एफ-1 वरचे किती आणि ते आज कुठे आहेत. ‘95 टक्के नोकरीत किंवा पुढील शिक्षणात’ असं ठोकळेबाज उत्तर आलं, तर ते किती जणांचे टक्के, हा प्रश्न परत पाठवायचा. दुसरा ईमेल माजी विद्यार्थी कार्यालयाला. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या, जीवशास्त्र शिकलेल्या आणि परदेशातून आलेल्या दोन-तीन जणांशी गाठ घालून द्या, एवढंच मागायचं. अशी माणसं मोकळेपणाने बोलतात, विशेषतः व्हिसाबद्दल.

दोन्ही ईमेल तिने लिहावेत. तुम्ही फक्त पाठवण्याआधी वाचा, आणि उत्तरं आली की मलाही कळवा.