रडारवर 78 की 69: मुलीचा पिचिंगचा खरा वेग कोणता?

तुमची मुलगी सॉफ्टबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकते. तिच्या चेंडूचा वेग कोचच्या रडार गनवर ताशी 78 आणि तुमच्या खिशात मावणाऱ्या रडारवर 69 किमी, मग खरा आकडा कुठला, असा तुमचा प्रश्न आहे. तुम्ही जसं वर्णन केलंय त्यावरून दोन्ही यंत्रं बरोबर असू शकतात. कोचची गन कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, थेट मागे, स्टँडवर, सतत चालू होती आणि सगळ्यात जास्त वेग धरून ठेवत होती. तुम्ही बाजूला उभं राहून दर चेंडूला बटण दाबत होतात.

पहिला फरक हवेचा. सॉफ्टबॉल आकाराने मोठा, त्या मानाने हलका. हातातून सुटल्यापासून होम प्लेटपर्यंतच्या (बॅटरजवळच्या जमिनीवरच्या पाटीपर्यंतच्या) दहा-अकरा मीटरमध्ये त्याचा वेग साधारण 8 ते 9 टक्के उतरतो. सुटताना 78 असेल तर ग्लव्हजमध्ये पडताना 71 च्या आसपास. बटण क्षणभर उशिरा दाबलं की तुम्हाला हा उतरलेला वेग मिळतो.

दुसरा फरक कोनाचा. रडारला फक्त आपल्या दिशेने येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेग कळतो. चेंडूच्या रेषेपासून 10 अंश बाजूला असाल तर दीड टक्का कमी दिसतं, 15 अंशांना साडेतीन, 20 ला सहा, आणि 30 ला तेरा टक्क्यांच्या वर. म्हणजे 71 चे 69 व्हायला तेरा-चौदा अंश पुरतात. कोनामुळे आकडा नेहमी कमीच येतो, कधीही वाढत नाही. त्यामुळे मध्येच अचानक 90 दिसलं तर हुरळून जाऊ नका, रडारने दुसरंच काहीतरी पकडलंय.

आपल्या मैदानांवर असं पकडायला भरपूर काही असतं. शिवाजी पार्क असो की आझाद मैदान, शेजारच्या नेटमधला क्रिकेटचा चेंडू, रस्त्यावरची गाडी, बॅटरने फिरवलेली बॅट, यातलं काहीही रडारच्या झोतात येऊ शकतं. पावसाळ्यात हॉलमध्ये सराव असेल तर चालू पंखा आणि ट्यूबलाइटही खोटे आकडे देतात. म्हणून मोजताना बॅटर उभा करू नका, पंखे बंद ठेवा आणि रडारची दिशा अशी निवडा की पिचरच्या मागे भिंत किंवा झाडं येतील, रस्ता नाही. मध्ये नायलॉनची जाळी असली तर सहसा अडचण येत नाही. लोखंडी जाळी मात्र टाळा, आणि कॅचरचं शरीर आड येणार नाही हेही बघा.

रडार हातात धरू नका. कॅचरच्या तीन-चार मीटर मागे, चेंडूच्या रेषेत, मुलीच्या कमरेच्या उंचीला स्टँडवर लावा आणि मध्ये जाळी हवीच. अंतर पावलांनी नको, टेपने मोजा: पिचिंग प्लेटच्या (पिचर जिथून चेंडू टाकते त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत. तुमच्याकडे ते 40 फूट आहे. स्टँडच्या जागी फक्कीने खूण करून ठेवा. चेंडूही दर वेळी तोच, कोरडा. अकरा इंची चेंडूचे आकडे बारा इंचीशी जुळवू नका, आणि भिजलेला चेंडू तर मोजायला घेऊच नका.

रडारवर शंका असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनने पडताळा. बाजूने, सेकंदाला 240 फ्रेमने चित्रीकरण करा. चेंडू हातातून सुटल्याच्या फ्रेमपासून ग्लव्हजला लागल्याच्या फ्रेमपर्यंत मोजा. पिचरचं पुढचं पाऊल जिथे पडतं तिथून ग्लव्हजपर्यंतचं अंतर घ्या. समजा 10.5 मीटर आणि 126 फ्रेम आल्या, तर वेळ 0.525 सेकंद, म्हणजे सेकंदाला 20 मीटर, ताशी 72 किमी. ही सरासरी झाली. सुटतानाचा वेग त्याहून चार-पाच टक्के जास्त, म्हणजे 75 च्या जवळ. एक फ्रेम इकडे-तिकडे झाली तरी चूक टक्क्याच्या आत राहते. काही मोबाइल मात्र मधल्या फ्रेम स्वतःच बनवतात, ते आधी तपासा. बोटाने टॅप करून वेग सांगणारी अॅप वापरू नका. चेंडू हवेत असतो जेमतेम अर्धा सेकंद, त्यात बोटाचा दशांश सेकंदाचा उशीरही सगळं बिघडवतो.

आता माझं स्पष्ट मत. बारा वर्षांच्या मुलीला रोज रडार दाखवू नये. आकडा समोर दिसला की मुलं खांदा ओढून टाकायला लागतात, पाऊल लांबतं आणि चेंडू प्लेटच्या बाहेर जायला लागतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, अंग नीट गरम झाल्यावर, थकायच्या आधी दहा चेंडू मोजा. वहीत प्रत्येक वेगापुढे स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यात, प्लेटवरून गेलेला) की बॉल (बाहेर गेलेला) ते लिहा. सर्वोच्च आकडा धरू नका. दहा आकडे चढत्या क्रमाने लावून पाचव्या-सहाव्याची सरासरी घ्या. या यंत्रांत दीड-दोन किमीचा फरक धरूनच चालायचं असतं, त्यामुळे 70 वरून 71 म्हणजे प्रगती नव्हे. तीन-चार वेळा सलग वर गेलं तर ती खरी.

रडारचा सगळ्यात चांगला उपयोग चेंज-अपसाठी, म्हणजे बॅटरला फसवायला मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूसाठी, होतो. तो तिच्या नेहमीच्या चेंडूपेक्षा 15 ते 20 टक्के हळू हवा, आणि हात मात्र तितक्याच जोरात फिरला पाहिजे. 75 ला 70 चा चेंज-अप बॅटरला फसवत नाही, उलट सोपा चेंडू मिळतो. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून कोचना दाखवा, आणि मोजताना तुमचा रडार त्यांच्या गनच्या अगदी शेजारी ठेवा.