मामाचं पान कोणत्या तारखेला वाढायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला सुदामा नगरमधे राहते, माहेर धारचं. आईचा धाकटा भाऊ म्हणजे माझा मामा 71 च्या लढाईत गेला, बावीस वर्षांचा होता, लग्न झालेलं नव्हतं. तार आली 18 डिसेंबरला, म्हणजे ढाका पडल्याचे पेढे गावात वाटून झाल्यावर दोन दिवसांनी. आई दरवर्षी 18 तारखेलाच त्याच्या नावाचं पान वाढते आणि गाईला घालते. आता मामेभावाला ट्रंकेत कंपनी कमांडरचं इंग्रजी पत्र सापडलंय, त्यात 11 डिसेंबर, जमालपूर असं आहे. तो म्हणतो आत्या इतकी वर्षं चुकीच्या दिवशी करतेय, आता नीट करायला पाहिजे. शिवाय जमालपूर तर बिहारमधे, तिथे कुठली लढाई? त्याला गावात मामाचा पुतळा पण बसवायचाय. आई ऐंशीची आहे, हे सगळं ऐकून दोन दिवस जेवली नाही. काय करू? मेडलचा आणि तारेचा फोटो पाठवतेय.

उत्तर : आधी जमालपूरचं बघू, ते सोपं आहे. बिहारचं जमालपूर ते रेल्वे वर्कशॉपवालं. मामाचं जमालपूर आत्ताच्या बांगलादेशात आहे, ढाक्याच्या उत्तरेला, जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी. तुमच्या फोटोतल्या चांदणीवर 'पूर्वी' दिसतंय ना, तो पूर्वी स्टार, पूर्वेकडच्या आघाडीवर होते त्यांना मिळालेला, पश्चिमेच्या बॉर्डरवरच्यांना पश्चिमी स्टार होता. म्हणजे ट्रंकेतलं मेडल इतकी वर्षं सांगतच होतं की मुलगा कुठे गेला, फक्त कुणी विचारलं नाही.

तारेत 1 मराठा लिहिलंय, ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, 1768 सालची. ही पलटण नदी ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन बसली होती, ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून. 9 डिसेंबरला आपल्याकडून आत अडकलेल्या पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीला शरण या म्हणून चिठ्ठी गेली, तर त्यांच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग 10 च्या रात्री ते अंधारात रस्ता फोडून निघायला लागले आणि थेट मराठ्यांच्या अंगावर आले. रात्रभर ते चाललं, 11 ला सकाळी जमालपूर पडलं. दुसऱ्या दिवशी हीच पलटण टांगाइलजवळ उतरलेल्या आपल्या पॅराट्रूपर्सना जाऊन मिळाली आणि ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. तुमच्या गावातले पेढे या रस्त्यावरूनच आले म्हणायचे.

त्या काळी बॉडी घरी यायची पद्धत नव्हती, सैनिकाचे अंत्यसंस्कार तिकडेच व्हायचे, घरी यायची तार आणि मागाहून सामान. पेटी तिरंग्यात गुंडाळून गावात येते हे आपण पाहिलं ते 99 च्या कारगिलपासून. म्हणजे तुमच्या आईने भावाला शेवटचं पाहिलं ते सुट्टी संपवून बसमधे चढताना, आणि मग एकदम पोस्टमन. तिच्यासाठी तो 18 लाच गेला. ही चूक नाही.

मामेभावाला म्हणावं, तुला विधीच करायचा असेल तर जरूर कर, पण त्याला इंग्रजी तारीख लागत नाही, तिथी लागते. 11 डिसेंबरला मार्गशीर्ष वद्य पक्ष चालू होता, नेमकी तिथी 71 सालच्या पंचांगात बघून घ्या. पितृपक्षात करायचं तर त्याहून सोपं, भाद्रपद वद्य चतुर्दशी, घात चतुर्दशी म्हणतो आपण, कॅलेंडरमधे शस्त्रादिहत पितृश्राद्ध असं छापलेलं असतं, लढाईत शस्त्राने गेलेल्यांसाठीच तो दिवस. भाच्याने नव्हे, पुतण्याने करावं, त्याचा मान त्याला. पण आईच्या 18 तारखेला हात लावायचा नाही.

पुतळ्याबद्दल मला विचाराल तर माझं मत फार चांगलं नाहीये. आमच्या ओळखीत एका मुलाचा फ्लेक्स केला होता, फोटोत मिसरूड पण नव्हती तरी पेंटरने पिळदार मिशा काढल्या, शूर दिसला पाहिजे म्हणून. त्याची बहीण म्हणाली हा कोण? दिल्लीला इंडिया गेटजवळ 2019 पासून राष्ट्रीय समर स्मारक आहे, त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव, पंचवीस हजारांवर नावं आहेत. तिथल्या स्क्रीनवर नाव टाकून वीट शोधता येते. रोज संध्याकाळी एका शहीदाच्या घरचं माणूस तिथे पुष्पचक्र वाहतं. पुतळ्याच्या पैशात आईला फर्स्ट एसीने नेऊन आणा आणि त्या विटेवर हात ठेवू द्या. तारेतला सैनिक नंबर जपून ठेवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला काही विचारायचं तर तोच पहिला लागतो. मेडल चिंच-मीठ लावून घासू नका हं, मागची अक्षरं जातील.

लढाईची माहिती कुठे पळून जात नाही, पलटणीच्या कागदात आहे. पळून जाणारी माहिती आईकडे आहे. तो सायकल कशी चालवायचा, कुणाशी भांडायचा, महूला भरतीला जाताना घरी सांगून गेला की न सांगता, हे आजच मोबाइल समोर ठेवून रेकॉर्ड करा, प्रश्न कमी विचारा.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की आई त्या पानात लौंगाची शेव वाढते कारण शेवटच्या पत्रात त्याने मागवली होती आणि पार्सल करायच्या आत तार आली, आणि गुरुजी म्हणतात हरभऱ्याचं श्राद्धात चालत नाही. गुरुजींचं बरोबर आहे, नाही चालत. पण श्राद्ध मामेभाऊ करेल ना चतुर्दशीला, त्यात नका घालू. 18 तारखेचं ते श्राद्ध नाहीच, ते राहिलेलं पार्सल आहे. शेव ताजी आणा.